आफ्रिकन कापडाचं स्वतःचं फॅशन लेबल सुरू करायचंय? आधी पन्हा मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पुण्यात फॅशन डिझाइनचा डिप्लोमा झालाय, नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या घानात, अक्रामध्ये राहता, आणि माकोला बाजारातली कापडं बघून ‘आफ्रिकन प्रिंट’चे कुर्ते आणि ड्रेस असं छोटं लेबल काढायचं मनात आहे. कोणत्या डिझायनरचं काम अभ्यासावं, कापड कुठून घ्यावं आणि भारतीय बाईने हे करणं योग्य आहे का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी बरीच वर्षं पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या लेबलांसाठी कापडखरेदी आणि पॅटर्न-कटिंग करत आले आहे. त्यामुळे माझं उत्तर रॅम्पवरून नाही, कटिंगच्या टेबलावरून येणार. तिथून पाहिलं तर तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच निर्णय आहे: कोणाचं कापड घेणार, आणि त्या कापडावर असं काय करणार जे माकोलातली शिंपीण तुमच्याहून स्वस्तात आणि चांगलं करत नाही. हा निर्णय झाला की डिझायनरांची यादी आपोआप छोटी होते, खरेदीची जागा ठरते आणि योग्य-अयोग्याचा प्रश्नही हवेत राहत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या व्हिसावर काम करायची मुभा आहे का, हे सगळ्यात आधी बघा. घानाच्या कायद्याने बाजारातली किरकोळ विक्री तिथल्या नागरिकांसाठी राखीव ठेवली आहे आणि परदेशी माणसाने व्यापारी कंपनी काढायची तर भांडवलाची अट फार मोठी आहे. कापड तिथून घेऊन शिवणं आणि विक्री भारतात करणं हा एक मार्ग, घानाच्या नागरिक असलेल्या भागीदार बाईसोबत काम करणं हा दुसरा. पण वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. दुसरी गोष्ट गिऱ्हाईक. अक्रामधली बाई सहा वार कापड घेते आणि तिच्या नेहमीच्या शिंपिणीकडे टाकते. तिला अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्याची सवय आहे. पुण्यातली गिऱ्हाईक तयार मापाचं मागेल, वॉशिंग मशिनमध्ये टाकेल आणि एप्रिलच्या उन्हात घालेल. या दोघींसाठी एकच कपडा चालणार नाही. तिसरी गोष्ट, किती पैसे किती महिने अडकवून ठेवू शकता. हातमागाच्या कापडाला आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि वाट पाहावी लागते.

आता कापड. तुम्ही ज्याला आफ्रिकन प्रिंट म्हणताय ते बहुतेक वॅक्स प्रिंट आहे. त्याची कुळकथा जावाच्या बाटिकपाशी सुरू होते. डच कारखानदारांनी जावातल्या मेणाच्या बाटिकची यंत्रावर नक्कल केली, मेणाऐवजी राळ वापरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते कापड पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रुजलं. राळेला तडे जाऊन त्यातून रंगाच्या बारीक रेघा उतरत. पश्चिम आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकांना त्या रेघाच आवडल्या. नेदरलँड्समधल्या हेल्मंडची व्लिस्को ही १८४६ साली सुरू झालेली कंपनी आजही यातलं सर्वांत प्रतिष्ठेचं नाव आहे, आणि घानातलं जीटीपी, कोत दिव्वारमधलं (आयव्हरी कोस्ट) युनिवॅक्स हेही त्याच समूहातले. अस्सल वॅक्सला दोन्ही बाजूंनी सारखा रंग असतो आणि काठावर छापखान्याचं नाव असतं. मागची बाजू फिकी दिसली तर ते साधं छापील कापड समजा, मग विक्रेता काहीही सांगो. त्यात पॉलिएस्टरची नक्कलही भरपूर मिळते. दोन धागे काढून काडी लावून बघा: सुती धाग्याची जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून गोळा होतो.

म्हणून हे कापड आफ्रिकन नाहीच, असं म्हणणारेही भेटतील. कॅमेरूनचे इमान आयिसी यांचं मत साधारण तसंच आहे. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूरच्या, म्हणजे हाताने, मापावर शिवलेल्या उंची पोशाखांच्या शोच्या अधिकृत वेळापत्रकात त्यांचं नाव आलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून हा मान मिळवणारे ते पहिले. ते वॅक्स वापरत नाहीत. केंटे (घानातलं हातमागावर पट्ट्यांत विणलेलं कापड), राफिया (ताडाच्या पानांचा धागा), झाडाच्या सालीचं कापड वापरतात. उलट नायजेरियातल्या लागोसच्या लिसा फोलावियो यांनी २००५ पासून याच छापील कापडावर मणी आणि टिकल्या हाताने टाकून त्याला समारंभाच्या पोशाखाचा दर्जा मिळवून दिला. लंडनमधले, लागोसमध्ये जन्मलेले ड्यूरो ओलोवू एका कपड्यात चार वेगवेगळ्या नक्ष्या अशा बसवतात की त्या भांडत नाहीत.

माझं मत विचाराल तर जे कापड पिढ्यान्‌पिढ्या लग्नात, बारशात, अंत्यविधीत नेसलं गेलं ते त्या लोकांचंच आहे. घानात चांगल्या नक्षीला बाजारातल्या बायकांनी नाव दिलेलं असतं, पुष्कळदा म्हणीवरून. उडत्या पाखरांची नक्षी म्हणजे पैशाला पंख असतात. आणखी एक, ‘अह्वेने पा न्कासा’, म्हणजे उत्तम मणी वाजत नाहीत. कापड घेताना विक्रेतीला नाव जरूर विचारा. रंगही जपून निवडा. घानात लाल आणि काळा एकत्र आले की सुतकाचा पोशाख होतो. तो कुर्ता पुण्यात छान दिसेल, पण अक्रामध्ये तुमच्याकडून वाढदिवसासाठी कोणी घेणार नाही.

तरीही नुसत्या वॅक्सवर लेबल उभं करू नका. हेच कापड सगळ्यांना मिळतं. तुम्ही ए-लाइन कुर्ता शिवला की आठवडाभरात शेजारच्या गल्लीत तसाच दिसणार. लिसा फोलावियो किंवा ओलोवू यांचं नाव झालं ते कापडामुळे नाही, कापडावर त्यांनी घातलेल्या कामामुळे. तुमच्या हातात भरतकाम असेल, आरी किंवा कांथा येत असेल, तरच वॅक्सकडे वळा.

आता मला ज्याबद्दल मनापासून बोलायचंय त्या हातमागाच्या कापडाकडे येते. पश्चिम आफ्रिकेतला पारंपरिक पुरुषी माग अरुंद असतो. केंटेची पट्टी साधारण १० सेंटीमीटर रुंदीची, म्हणजे जेमतेम चार इंच. नायजेरियातल्या योरुबा विणकरांचं आसो ओके, उत्तर घानातल्या फुगूचं, म्हणजे घेरदार सदऱ्याचं, कापड आणि मालीतलं चिखलाने रंगवलेलं बोगोलान हीसुद्धा अरुंद पट्ट्या शिवून जोडलेली कापडं. तुमच्या डिप्लोमात ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड गृहीत धरून पॅटर्न काढायला शिकवलं असणार. ते पॅटर्न इथे ठेवले की कापड वायाही जातं आणि बिघडतंही.

आपल्याकडच्या खणाचं उदाहरण घ्या. गुळेदगुड्डचा खण चोळीपुरताच विणायचा, म्हणून पन्हा कमी. काठ दंडावर किंवा पाठीवर कुठे येणार हे शिंप्याला पाठ. खणाची फॅशन आल्यावर वारभर पन्ह्याचे पॉलिएस्टर ‘खण’ यंत्रमागावर निघाले, आणि बेतण्याची सगळी अक्कल अनावश्यक झाली. केंटेच्या बाबतीत नेमकं हेच चाललंय. केंटेची नक्षी छापलेलं रुंद कापड माकोलात ढिगाने मिळतं. ते स्वस्त आहे, कापायला सोपं आहे, आणि त्याचा एकही पैसा बोनवायर किंवा अगोटिमे-पेटोए या केंटे विणणाऱ्या गावांतल्या विणकरापर्यंत पोचत नाही. केंटे विणण्याच्या कलेची २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली, त्यानंतर भौगोलिक मानांकनही आलं. त्यामुळे छापील कापडाच्या कपड्यावर ‘केंटे’ असं लेबल लावणं आता नुसतं चुकीचं नाही, अंगाशी येणारं आहे.

पट्टी कशी बेतायची ते सांगते, कारण तुमचं वेगळेपण इथेच तयार होईल. केंटेमध्ये नक्षीचे चौकोन आडव्या धाग्याने भरलेले असतात. मध्येच कात्री चालवली की ते सुटायला लागतात. म्हणून कापण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक टीप मारा किंवा मागून हलकं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा, मग कापा. उरेब (तिरकं) कापड काढायचा विचारही करू नका. जोडाच्या शिवणी ताणल्या जाऊन कपडा वाकडा लोंबतो. मापं पट्टीच्या पटीत ठेवा: योक (खांद्याजवळचा तुकडा) दोन पट्ट्यांचं, बाहीचा कफ एका पट्टीचा, पुढची बटणपट्टी म्हणजे अख्खी एक पट्टी काठासकट. काठ तयारच असतो, मग तो दुमडून लपवायचा कशासाठी? पट्ट्या जोडताना शेजारच्या पट्टीतला नक्षीचा चौकोन वर-खाली सरकवला की सोंगट्यांच्या पटासारखी रचना येते; विणकर ते मोजून विणतो, तेव्हा पट्ट्यांचा क्रम त्याच्याकडूनच लिहून घ्या.

या बेतण्याचं उत्तम पाठ्यपुस्तक तुमच्या आसपास रोज फिरतंय. उत्तर घानातला फुगू म्हणजे बटाकारी नीट बघा, हातात घेऊन उलटा करून बघा. ६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्याची घोषणा करताना घानाचे नेते एन्क्रुमा यांनी हाच घातला होता. अंगाला सरळ पट्ट्या आणि खाली घेर यावा म्हणून मध्ये घातलेल्या कळ्या. गिरकी घेतली की छत्रीसारखा फुलतो. वाया जाणारं कापड जवळजवळ नसतं. अरुंद पन्ह्यातून घेर कसा काढायचा हे त्या शिंप्यांनी कधीच सोडवून ठेवलंय, आणि आपल्या कळीदार कुर्त्याचं तंत्र तुमच्या हातात आहेच. तुमच्या पहिल्या कपड्याची कल्पना माझ्या मते इथून निघायला हवी.

याच वाटेने गेलेला डिझायनर म्हणजे केनेथ इझे. ऑस्ट्रियात वाढलेला, व्हिएन्नात शिकलेला नायजेरियन. आसो ओकेतून सूट आणि ओव्हरकोट करतो, धाग्यांच्या झालरी मोकळ्या ठेवतो, पट्ट्यांचे रंग विणकरांबरोबर बसून ठरवतो. २०१९ मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाच्या तरुण डिझायनरांसाठीच्या पारितोषिकाच्या अंतिम फेरीत होता, २०२० मध्ये पॅरिसला पहिला शो केला. त्याच्या कोटाच्या शिवणी मोठ्या करून पाहता येतील असे फोटो शोधा. पट्टीचा जोड कुठे येतो एवढंच बघा. तुमच्या शहरातलं आयशा आयेन्सू यांचं क्रिस्टी ब्राउन हे लेबल २००८ पासूनचं आहे, शिवणकाम करणाऱ्या आजीच्या नावावरून ठेवलेलं. त्यांचं शिवण आतून किती स्वच्छ आहे ते हात लावून बघा. अब्रिमा अर्वियाह आणि रोझारियो डॉसन यांनी २०१३ मध्ये काढलेलं स्टुडिओ १८९ बाटिक, नीळ आणि हातमाग एकत्र कसं वापरतं तेही बघण्यासारखं. आक्स या लेबलच्या बोल्गाटांगात विणलेल्या राफियाच्या पिशव्या पाहिल्या की एका गावावर, एका धाग्यावर टिकून राहिल्याने काय साधतं ते कळेल.

नायजेरियातलं अडिरे हा आणखी एक पर्याय. कसावाच्या खळीने नक्षी रंगवायची, वाळवायची, मग निळीत बुडवायचं. कापड रुंद मिळतं, त्यामुळे कापणं सोपं. अमाका ओसाक्वे यांचं माकी ओह यावरच उभं राहिलं, आणि अडेजू थॉम्पसन यांच्या लागोस स्पेस प्रोग्रॅमला २०२३ चं आंतरराष्ट्रीय वुलमार्क पारितोषिक मिळालं तेही अडिरेकडे नव्या नजरेने पाहण्यामुळे. पण निळीचा रंग घासून उतरतो. ओलं पांढरं फडकं चोळून बघा. फडकं निळं झालं तर फिकट रंगाच्या अस्तराबरोबर ते कापड शिवू नका, आणि गिऱ्हाइकाला तसं लिहून द्या.

दोन नावं मुद्दाम वेगळी काढते, कारण तुम्ही ‘प्रिंट’वर अडकला आहात. दक्षिण आफ्रिकेतल्या लादुमा एन्क्सोकोलो यांचं मखोसा हे विणलेल्या स्वेटरांचं लेबल आहे. खोसा समाजात दीक्षाविधीनंतर तरुण मुलं जुने कपडे देऊन टाकतात आणि नवे, प्रतिष्ठित कपडे घालतात. त्यातले स्वेटर वर्षानुवर्षं परदेशी नक्षीचे असायचे. एन्क्सोकोलो यांनी शिक्षणाच्या प्रकल्पात खोसा मणिकामाची नक्षी मेरिनो लोकर आणि मोहेरमध्ये (अंगोरा बकरीची लोकर) उतरवली; दोन्ही त्यांच्याच ईस्टर्न केप प्रांतात होतात. समाजाची खरी गरज, जवळचा धागा, आईकडून शिकलेलं विणकाम हे सगळं एका जागी आलं. दुसरे थेबे मगुगू, २०१९ चं एलव्हीएमएच पारितोषिक जिंकणारे पहिले आफ्रिकन डिझायनर. त्यांच्या एका संग्रहातला ठिपक्यांचा ड्रेस बघा: ते ठिपके वर्णभेदाच्या काळातल्या एका हेर बाईच्या बोटांचे ठसे आहेत. दुरून पाहिलं तर कोणी त्याला आफ्रिकन प्रिंट म्हणणार नाही, पण तो दक्षिण आफ्रिकेबाहेर कुठे जन्मालाच आला नसता.

आता योग्य-अयोग्य. भारताचा या कापडांशी संबंध जुना आहे. नायजर नदीच्या मुखाशी राहणारे कलाबारी लोक मद्रासी चौकड्यांना ‘इंजिरी’ म्हणतात. त्यातले निवडक धागे कापून, उपसून स्वतःची नवी नक्षी काढतात, आणि ते कापड त्यांच्या विधींमध्ये मानाचं असतं. नायजेरियातल्या इग्बो बायकांचं समारंभातलं ‘जॉर्ज’ हे कापड भारतातून जातं. पूर्व आफ्रिकेतली कांगा आणि किटेंगे ही छापील कापडं गुजरातमधल्या जेतपूरला आजही छापली जातात. म्हणजे भारतीय हात लागणं ही नवलाची गोष्ट नाही. पण कलाबारींनी मद्रासच्या कापडावर स्वतःचं कष्टाचं काम घातलं, हा फरक लक्षात ठेवा. २०१८ मध्ये मखोसाच्या नक्षीशी मिळतेजुळते मोजे झाराच्या दुकानांत आले आणि आक्षेपानंतर मागे घेतले गेले. तिथे फक्त नक्षी उचलली होती.

माझे स्वतःचे नियम साधे आहेत. नक्षी उचलून भारतात स्वस्तात छापून घ्यायची नाही. विणलेलं कापड विणणाऱ्याकडून घ्यायचं, त्याने सांगितलेल्या भावात घासाघीस न करता, आणि ऑर्डरसोबत निम्मी रक्कम द्यायची, कारण सूत त्याला आधी विकत घ्यावं लागतं. काही केंटे नक्ष्या पूर्वी राजघराण्यापुरत्या होत्या. कोणती कुठे वापरलेली चालेल हे विणकरालाच विचारायचं. कपड्याच्या चिठ्ठीवर गावाचं नाव, आणि विणकराची संमती असेल तर त्याचंही. यामुळे किंमत वाढते. पुण्यातली सगळीच गिऱ्हाइकं ती देणार नाहीत, आणि ज्या देतील त्यांच्यासाठीच हे लेबल आहे असं धरून चला.

अक्रामधल्या कांतामांतो बाजारातल्या जुन्या कपड्यांतून काही करावं असंही तुम्हाला सुचेल. युगांडातल्या कंपालाचे बॉबी कोलाडे बुझिगाहिल लेबलखाली परदेशातून आलेले जुने कपडे उसवून, नव्याने शिवून परत त्याच देशांना विकतात. नायजेरियातल्या एन्क्वो ओन्वुका डेनिमच्या चिंध्यांच्या पट्ट्यांतून हातमागासारखं दिसणारं कापड तयार करतात. काम फार मोलाचं आहे, पण प्रत्येक कपडा वेगळा बेतावा लागतो. पहिल्याच वर्षी एकटीने त्यात पडू नका.

सुरुवातीसाठी एवढंच करा. कुमासीजवळ बोनवायरला किंवा व्होल्टाकडच्या अगोटिमे-पेटोएला जा, माग चालताना बघा, एका विणकराकडून साध्या दोन रंगांतल्या सुती पट्ट्या घ्या. जरीच्या किंवा जाड रेयॉनच्या घेऊ नका. पुण्याच्या उन्हाळ्यात सहन होणार नाहीत. त्यातला एक वार गार पाण्यात हाताने धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा मोजा. किती आटलं ते वहीत लिहा. अंगाला साधं मलमल किंवा खादी आणि योक, कफ, बटणपट्टीला केंटे असा एकच कुर्ता शिवा, दोन मापांत. एक अक्रामधल्या मैत्रिणीला द्या, एक पुण्याला पाठवा, आणि दोघींना तो नेहमीसारखा धुवायला सांगा. जोड उसवले का, फ्युजिंगला फुगे आले का, काठ आकसून चुण्या पडल्या का, हे कळेपर्यंत लेबलचं नाव, लोगो, इन्स्टाग्राम यांपैकी कशालाही हात लावू नका.

पट्ट्या आणल्या की पन्हा सेंटीमीटरमध्ये मोजून आणि सूत सुती आहे की रेयॉन ते बघून इथेच लिहा. योकचं बेतणं मापासकट काढून देते.